बारा तारांची प्रतवारी

मलकापुरात मला भाड्याची खोली मिळाली ती माझ्या गिटारीमुळे. एरवी पाठीवर गिटार लटकवलेला एकटा माणूस दिसला की घरमालक दार लोटून घेतात. हे घरमालक ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझा पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही, खातो-पितो का हेही विचारलं नाही. पिशवीकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "किती तारांची हाय?"

"सहा," मी म्हटलं.

"म्हंजे अर्धीच," ते म्हणाले आणि घरात तोंड करून ओरडले, "अवं, वरच्या खोलीची किल्ली आन!"

पुढची चार वर्षं मी त्या वरच्या खोलीत काढली. खाली ते आणि काकू, दोघंच. मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. मी त्यांना काका म्हणायचो, कारण दुसरं जे म्हणावंसं वाटायचं ते भाडेकरूच्या तोंडी शोभलं नसतं.

काका नोकरीभर कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर शेतकऱ्याची गाडी लागली की हा माणूस चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन बोटांत ताणून त्याच्या धाग्याची लांबी बघायचा, उजेडात धरायचा आणि एका घरच्या वर्षभराच्या कष्टाची प्रत तोंडाने सांगून पुढच्या गाडीकडे वळायचा. मी उंद्रीचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. असल्या चिमटीबद्दल आमच्या घरी जे बोललं जायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा या लिखाणात थोडा जुना राग मिसळलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काका निवृत्त झाले, पण चिमूट काही निवृत्त झाली नाही. मेथीची जुडी, लग्नपत्रिकेचा कागद, पाहुण्याच्या सदऱ्याची बाही, सगळं त्या दोन बोटांतून जायचं. किडका, पिवळा पडलेला कापूस म्हणजे कवडी, आणि काकांच्या लेखी जगातला बहुतेक माल कवडीच होता. भाचीला एक स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला शिकलेला, नोकरीवाला. काका त्याला बघून आले आणि म्हणाले, "पोरगा ठीक हाय, पन वलावा जास्त हाय." याचा अर्थ कोणालाच कळला नाही, पण ग्रेडर माणसाचा शब्द म्हणून सगळे घाबरले आणि ते स्थळ गेलं. काकूंच्या चहाला त्यांनी संसारभरात पहिली प्रत दिली नव्हती. काकूंनी कधी मागितलीही नव्हती.

त्यांचा एक सिद्धान्त होता. "बापू, वरचा माल तं सगळेच चांगला लावतात. खरा माल गाडीच्या बुडाशी असते." शेतकरी ओला कापूस खाली दाबतो आणि वर पांढराशुभ्र पसरतो, हे त्यांनी इतक्यांदा पकडलं होतं की कुठल्याही गोष्टीच्या वरच्या बाजूवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. लग्नाच्या पंगतीत ते वरणाच्या भांड्यात बुडापर्यंत पळी घालायचे. हातगाडीवरची केळी खालून ओढायचे. एकदा वरची सगळी केळी रस्त्यावर आली, तेव्हा केळीवाल्याला म्हणाले, "रचनाच कवडी हाय तुही."

अशा माणसाला बारा तारांची गिटार हवी होती. परवडणारी.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि नंतर दर आठवड्याला. नोकरीला लागायच्या आधी ते भुसावळला कोणाकडे गेले होते. रेल्वेच्या वसाहतीतून येताना एका घराच्या खिडकीत कोणी गार्ड बसून बारा तारांची गिटार वाजवत होता. काका कुंपणाला धरून उभे राहिले आणि त्यांची गाडी चुकली. "एक तार वाजवली का तिच्या मांगून तिची लहानी बहीन बोलते. मोठी 'ये' म्हनते, लहानी 'आली' म्हनते. अशी बारीक झिनझिन, बापू, का आंगावर काटा!" ते दोन बोटं हवेत घासून दाखवायचे. मग नोकरी लागली, केंद्र सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या आवारात, सकाळपासून यंत्रांची धडधड, आणि मुलींची शिक्षणं, लग्नं. झिणझिण राहून गेली. "वाजवता नाई आली तरी चालते. पन मराच्या आंधी ते झिनझिन एक डाव माह्या घरात आयकू आली पाह्यजे."

ऐकायला हे फार सुंदर वाटतं. मलाही वाटलं. पहिला महिनाभर.

नंतर लक्षात आलं की गिटार घेणं आणि गिटार नाकारणं यात काकांना दुसऱ्या कामाची सवय जास्त होती. महागडी घ्यायची नाही, हे त्यांचं ठरलेलं. "महाग तं कोनीबी घेईन. त्यात पारख कायची?" आणि स्वस्तातली बारा तारांची गिटार म्हणजे खोटींचं कोठारच असतं. बारा तारा मिळून लाकडाला इतक्या जोराने ओढतात की हलक्या गिटारीची मान वाकते, पोट फुगतं, तार वर उचलली जाते आणि दाबताना बोटं सोलून निघतात. काकांनी मोबाईलवर बघून बघून याचा असा अभ्यास केला होता की मला, दहा वर्षं गिटार वाजवणाऱ्याला, ते समोर बसवून शिकवायचे. स्वतःला साधी एक धून येत नव्हती. पण सबंध लाकडाची पाटी कुठली आणि प्लायवूडची कुठली, हे ते टिचकी मारून सांगायचे, आणि बरोबर सांगायचे. त्याचा मला जास्त राग यायचा.

ऑनलाइन मागवलेल्या चार गिटारी त्यांनी परत पाठवल्या. कुरियरवाला दारात आला की खोकं ओट्यावर उघडायचं, काका चष्मा चढवणार, मानेवरून एक डोळा मिटून बघणार, मला तारा जुळवायला लावणार, एकदा बोट फिरवणार आणि म्हणणार, "मेली हाय." चौथ्या खेपेला कुरियरवाला गाडीवरून उतरलाच नाही. म्हणाला, "काका, वापस पाठवाची असन तं आत्ताच सांगा, म्या खाली ठेवतच नाई."

मग आम्ही दुकानं धरली. अकोल्याला वाद्यांचं एक बरं दुकान होतं आणि दुकानदार सोशिक होता. पहिल्या खेपेला काकांनी एक गिटार खाली काढायला लावली, पाठीवर टिचक्या मारल्या आणि मला म्हणाले, "तारा ढिल्या कर." मी केल्या. दुकानदाराला वाटलं, बॅटरी लावून आत बघायचं असेल. काकांनी तारांमधून बोटं आत सारली. मग पंजा. मग मनगट.

"काय करून राह्यले काका?" दुकानदार उठलाच.

"बुड पाहून राह्यलो," काका शांतपणे म्हणाले.

बुड पाहून झालं, पण हात काही बाहेर येईना. त्यांच्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा आतल्या लाकडी पट्टीत अडकला होता. पाऊण तास आमचे काका उजव्या हातात कोपराखाली गिटार घालून स्टुलावर बसले होते. दुकानदाराने चहा मागवला, तो त्यांनी डाव्या हाताने घेतला. एक बाई मुलीसाठी हार्मोनियम बघायला आल्या होत्या, त्या काकांकडे बघत बघत उलट्या पावली बाहेर गेल्या. शेवटी मी माझी दोन बोटं कशीबशी आत घालून पट्ट्याची कळ उघडली. हात सुटला, घड्याळ आत राहिलं. गिटार उलटी धरून हलवली तेव्हा ते पडलं. काकांनी मनगट चोळलं आणि निकाल दिला, "आतला गोंद वघळला हाय. कवडी."

दुकानदाराने हात जोडले. मला परतीच्या गाडीत सारखं एकच वाटत होतं, की या माणसाच्या चिमटीवर किती घरांचा दर ठरला असेल.

तरी त्याच दुकानदाराने पुढच्या वर्षी स्वतःहून फोन केला. काकांना परवडेल अशी एक बारा तारांची आली आहे, म्हणाला, स्वतः वाजवून पाहिली, येऊन बघा. एकच अट घातली, "घड्याळ घरी ठिवून या."

ती गिटार खरंच चांगली होती. मान सरळ, तारा खाली पण कुठे न टेकणाऱ्या. बाराच्या बारा जुळवून मी एकदा वरून खाली बोटं फिरवली आणि मलाच दचकायला झालं. माझ्या हातून असा आवाज निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दुकानदाराने उठून पंखा बंद केला. आम्ही दोघं काकांकडे बघत राहिलो, की आता हा माणूस रडतो की काय.

"बोदी हाय, निसती बद्द," काका म्हणाले.

"काका, काय बोलता? याच्यापेक्षा चांगली कुठं भेटीन?"

"झिनझिन कुठी हाय?"

मी चिडलो. सगळ्यात बारीक तार एकटी धरली, तीच ती लहानी बहीण, आणि नखाने छेडली. टणकन स्वच्छ वाजली. काका माझ्या बोटाकडे बघत होते. बघतच राहिले.

"वाजव ना बे."

"वाजवली काका."

"कधी?"

मी परत छेडली, जोरात. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. काकांच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, जो गाडीच्या बुडाशी ओला कापूस सापडल्यावर येत असेल. त्यांना वाटलं, आम्ही दोघं मिळून त्यांना फसवतोय. "चाल, गाडीचा टाइम झाला," म्हणून ते उठले.

गाडीत मला परत गेलेल्या चार गिटारी आठवत होत्या, त्यांच्याकडचा टीव्ही आठवत होता, ज्याच्या बातम्या मला वरच्या खोलीत फुकट मिळायच्या आणि ज्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात गावंढळ म्हणायचो. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्यांची रोजची तक्रारही आठवली.

काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्याशी उभा राहून विचारलं, "काकू, काकांचे कान गेले का हो?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "सबन नाई गेले. बारीक आवाज गेले. चिमण्या, मोबाईल, माह्या बांगड्या. जिनिंगात गेले, दुसरं काय."

"कानाची मशीन घेतली नाही?"

"लेकीनं आनली व्हती. दोन रोज घातली, मंग म्हने हिच्यात निसती खरखर हाय, कवडी माल. कपाटात पडली हाय."

"मंग तुम्ही त्याइले सांगत काऊन नाही? चार वर्षं झाले, लोकाइच्या दुकानाइत हिंडून राह्यलो आम्ही!"

काकूंनी हात थांबवला. "सांगून काय करू, बापू? गिटारीत खोट हाय म्हून उद्या दुसरी पाह्यतीन. कानात हाय म्हटलं तं उद्या काय पाह्यतीन?"

चार वर्षं त्या माणसाची टिंगल करण्यात मी मित्रांच्या बैठकी रंगवल्या होत्या, आणि ही बाई भाकऱ्या थापत थापत त्याला रोज एक दिवस पुढे ढकलत होती. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

त्यानंतर काहीच दिवसांनी भाचीचं लग्न ठरलं. दुसरं स्थळ, आणि या वेळी काकांना दाखवलंच नव्हतं. लग्न बीबी गावाला होतं, पण बँड इथलाच न्यायचा म्हणून काका मला घेऊन बँडवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात ढोल, भोंगे, सोनेरी टोप्या यांच्यामध्ये खिळ्याला एक बारा तारांची गिटार लटकलेली होती. कुठल्याशा ऑर्केस्ट्राची, दोन उन्हाळे गाडीच्या टपावर फिरलेली. मान उलटी, मागच्या बाजूला अशी वाकली होती की ते बघायला एक डोळा मिटायचीही गरज नव्हती. तारा मानेवरच्या पितळी पट्ट्यांवर झोपल्या होत्या. कुठलीही तार छेडा, ती पट्टीवर आपटून झर्रर्र करायची. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा जाडाभरडा आवाज.

काकांनी सवयीने एक बोट फिरवलं. झर्रर्र.

ते थांबले. परत फिरवलं. मग जवळच्या ढोलावर हळूच बसले, गिटार मांडीवर घेतली आणि एकेक तार छेडत गेले. प्रत्येक तारेला मान थोडी खाली जायची. "आली," ते म्हणाले. "बापू, आली." डोळे भरले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

मग त्यांनी जे केलं ते मी त्यांच्याकडून कधी पाहिलं नव्हतं. गिटार माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "तू सांग. तुले काय वाटते? पास?"

अख्ख्या वऱ्हाडात तिच्याइतकी वाईट गिटार नसेल. बुड बघायला गेले असते तर त्यांचा हात पाठीतून बाहेर आला असता. मी म्हटलं, "पास, काका. एक नंबर."

बँडवाल्याने जवळजवळ आम्हाला बाहेर ढकलतच ती देऊन टाकली. काका ती पिशवीशिवाय, छातीशी धरून भर बाजारातून घरी घेऊन आले. तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर कार्यक्रम. धून वगैरे काही नाही. एक तार, मग दुसरी, मग तिसरी, बारापर्यंत, आणि परत पहिली. शेजारच्यांनी खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला काका थांबवायचे, "आयका. झिनझिन आयका." लोक ऐकायचे, माझ्यासारखंच खोटं बोलायचे आणि पुढे जायचे.

इथपर्यंत थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वरच्या खोलीत झोपणारा मी स्वतःला वादक समजत होतो. ती झर्रर्र रोज सकाळी माझ्या दाढांतून जायची. लग्नासाठी दोघं दोन दिवस बीबीला गेले, मला कचेरीमुळे जमलं नाही, आणि घराची किल्ली माझ्याकडे होती. मी मनाला समजावलं की काकांसाठी करतोय. मान सरळ केली, तारा नीट उचलल्या की आवाज दुप्पट मोठा होईल, आणि एवढा मोठा झाला की बारीक आवाजही त्यांच्या कानात शिरेल. कानांचं सगळं ठाऊक असून मला हे पटलं. आपल्याला जे येतं तेच समोरच्याला हवं आहे, असं मानण्यात मी काकांच्या पुढे गेलो होतो.

दोन संध्याकाळी राबलो. मानेतला स्क्रू पिळला, पितळी पट्ट्या पॉलिश पेपरने घासून सारख्या केल्या, तारा जिच्यावर टेकतात ती खालची पांढरी पट्टी बदलून उंच घातली. आणि ती भंगार गिटार चक्क गाऊ लागली. मी स्वतःवर इतका खूश झालो की ऑफिसात दोघांना सांगितलं.

काका बीबीहून आले, पिशवी ठेवली आणि पाय न धुताच गिटार घेतली. मी जिन्यात उभा, शाबासकीची वाट बघत. त्यांनी पहिली तार छेडली. दुसरी. मग सगळ्यांवरून बोट फिरवलं.

"ही कोनची हाय?"

"तुमचीच काका."

त्यांनी ती उलटी केली, पाठीवरचे चरे पाहिले, ओळखले. परत छेडली. "मेली," ते म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी गिटार खाटेवर ठेवली, टीव्ही लावला आणि त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोणी नव्हतं. तिसऱ्याही दिवशी.

चौथ्या दिवशी काकू जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, चार वर्षांत त्या कधी वर आल्या नव्हत्या. हातात गिटार.

"काय केलं तू हिले?"

"दुरुस्त केली, काकू."

"तुले कोनी सांगतलं व्हतं?"

त्यांनी गिटार माझ्या गादीवर ठेवली. "जेवत नाईत बरोबर. म्हनतात, बुडाशी काही तरी बदललं. जशी व्हती तशी करून दे."

जशी होती तशी करणं सोपं नव्हतं. पितळी पट्ट्या मी घासून बसलो होतो, त्या काही परत वाढणार नव्हत्या. जुनी पांढरी पट्टी कचऱ्यात गेली होती, आणि मानेतला स्क्रू उलटा पिळायला गेलो तर मानच तुटायची भीती होती. एकच रस्ता होता. नवी पट्टी काढायची, फरशीवर पॉलिश पेपर ठेवून थोडी घासायची, परत बसवायची, बारा तारा चढवायच्या, छेडून बघायचं. स्वच्छ वाजली की परत बाराच्या बारा उतरवायच्या आणि अजून घासायचं. काकू खुर्चीवर बसून होत्या. दर खेपेला मी छेडायचो आणि त्या मान हलवायच्या, "नाई. अजून चांगलीच हाय." चांगली वस्तू मुद्दाम बिघडवायला किती मेहनत लागते, हे त्या दुपारी कळलं. पाचव्या खेपेला सगळ्या तारा पट्ट्यांवर आडव्या झाल्या.

काकूंनी ती खाली नेऊन खाटेवर ठेवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "पाहा बरं, दोन रोज बंद घरात पडून आखडली असन." काका आधी वळलेच नाहीत. मग एक हात मागे आला, बोट तारांवरून फिरलं.

झर्रर्र.

टीव्ही बंद झाला. काका वळून बसले, गिटार मांडीवर घेतली. एक तार, मग दुसरी, मग तिसरी. डोळे मिटले होते आणि मान हळूहळू खाली जात होती.

काकू पदराने हात पुसत दाराशी, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. काका बघत नाहीत याची खात्री करून हळूच म्हणाल्या, "मले त्यातलं समजत नाई. आता कसा हाय आवाज?"

"एकदम भंगार, काकू."

"हाव ना? मंग आता हात नको लावू तिले."